गॅलरीतला हात

धोंडप्पांनी बत्तीसएक वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, आणि रिटायर झाल्यावरही ती काही सुटली नाही. म्हणजे लोकांनीच सुटू दिली नाही. घर सोलापुरात अक्कलकोट रोडवर, दुसऱ्या मजल्यावर. समोर रस्त्यापलीकडे थांबा. थांब्यावर उभ्या माणसाला वळण दिसायचं नाही, मध्ये एका गोडाऊनची भिंत आडवी आलेली. धोंडप्पांना मात्र गॅलरीतनं वळणावरची गाडी आधीच दिसायची. मग खालून माना वर व्हायच्या. धोंडप्पांनी हात वर केला की गाडी आली, पिशव्या उचला. पंजा हलवला की अजून पत्ता नाही. डोक्यावर हात ठेवला की गच्च भरलीय, चढायचं असेल तर पदर खोचा.

बायको शांतम्मा होती तोवर चिडवायची, "अवो, पगार कोण देतंय तुमाला ह्याचा?" ती गेली. मुलगा शिवानंद पुण्यात बिऱ्हाड थाटून बसला. मग दिवसभरात धोंडप्पांशी बोलायला ही थांब्यावरची माणसंच उरली. बोलणं कसलं डोंबलाचं, नुसते हातवारे! पण वळसंगच्या शाळेत शिकवायला जाणारी अपेक्षा रोज गाडीत चढताना वर बघून हात करायची, आणि तेवढ्यावर म्हाताऱ्याचा दिवस निघायचा.

कबुतरांचा वैताग म्हणून शिवानंदनं गॅलरीला पारदर्शक प्लॅस्टिकच्या शीटा स्क्रूनं आवळून टाकल्या होत्या, वर हवेपुरती जाळी. यंदा एप्रिलात आत नुसती भट्टी पेटली. धोंडप्पा एकदा फोनवर सहज बोलून गेले, आणि लेकानं पुण्यातनंच फिल्म लावणारा धाडला. ऋतुराज त्याचं नाव, मोठा चटपटीत. शीटांवर साबणाचं पाणी मारलं, चंदेरी-काळी फिल्म चिकटवली, रबराच्या पट्टीनं आतलं पाणी दाबून काढलं.

"ही काचेची फिल्म न्हवं का रं? प्लॅस्टिकला चालती?" धोंडप्पांनी विचारलं.

"न चालायला काय झालं? काका, तुमी आतनं समदं बघा. भायेरनं कुणाला काय बी दिसणार न्हाय!"

"लई बेस," धोंडप्पा म्हणाले आणि वर त्याला चहाही पाजला. आता काय बोलावं!

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी वळणावर आली. धोंडप्पांनी हात वर केला. खाली माना वर होत्या, पण एकानं पिशवी उचलली नाही. गाडी पुढ्यात येऊन उभी राहिली तेव्हा एकच पळापळ झाली. अपेक्षानं चढता चढता वर पाहिलं. धोंडप्पांनी हात केला. तिनं केला नाही. गाडी निघून गेली तरी ह्यांचा हात वरच.

तेव्हा कुठं त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. शीट बडवावी असं आलं मनात. पण गाडी येतीय हे सांगायला कुणी घर बडवतं का? खाली उतरावं, तर गाडीत उभं राहून राहून गुडघे कामातनं गेलेले. आणि उतरून सांगायचं तरी काय, की मी वर हाय, माझ्याकडं बघा? लाज वाटली त्यांना.

रात्री शिवानंदचा फोन आला. "बाबा, आता ऊन लागत नाही ना?"

"न्हाय लागत. पण शिवा, मी कुणाला दिसत न्हाय रं."

"पण तुम्हाला बाहेरचं दिसतंय ना? मग झालं की!"

"दिसतंय," धोंडप्पा म्हणाले. "समदं दिसतंय." आणि फोन ठेवून दिला.

काही दिवस लोक सवयीनं वर बघत राहिले. मग एकेक मान वर व्हायची थांबली. शेवटी अपेक्षाही मोबाइलमध्ये बघत उभी राहायला लागली. धोंडप्पा मात्र गाडी दिसली की हात वर करायचेच. त्या हाताला कोण आवरणार?

मे महिन्यात फिल्मवर फोड आले. उन्हानं तापलेल्या प्लॅस्टिकनं आतनं वाफ सोडली आणि फिल्म पुरीसारखी फुगली. निकृष्ट काम बघून आनंदानं हसलेला माणूस सोलापुरात हाच पहिला असेल! ऋतुराजला कळवलं तर तो दुसरी फिल्म घेऊन येईल, म्हणून त्याला पत्ताच लागू दिला नाही. स्वतःच नखांनी ओरबाडून सगळी फिल्म काढली. खाली चिकट गोंद राहिला. घराच्या रंगकामातला थिनर उरला होता, तो फडक्यावर घेऊन शीट न् शीट घासली. ओल्या होत्या तोवर काय लखलखत होत्या! धोंडप्पा नवा सदरा घालूनच आले गॅलरीत. आणि शीटा वाळल्या. थिनरनं प्लॅस्टिक खाल्लं होतं. सगळ्या शीटा ताकासारख्या पांढऱ्याफटक झाल्या. आता बाहेरून आतलं दिसेना की आतून बाहेरचं. धोंडप्पा मटकन खाली बसले आणि म्हातारपणी लेकरासारखे रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कठडा धरधरून जिना उतरले, रस्ता ओलांडला आणि थांब्यावर जाऊन उभे राहिले.

"अगंबाई, काका!" अपेक्षा दचकलीच. "तुम्ही... इथंच होता?"

"मग? मी कुटं जातोय?"

"नाही, इतके दिवस दिसला नाहीत. वर सगळं काळंकाळं. आम्हाला वाटलं..."

"मी रोज हात करत हुतो की पोरी तुला."

तिनं वर त्या पांढऱ्या गॅलरीकडं पाहिलं. मग घड्याळ बघून, जुन्या सवयीनं तिनं विचारलं, "काका, गाडी येतीय का?"

धोंडप्पांचा हात अर्धा वर गेला. त्यांनी वळणाकडं मान वळवली. पुढं गोडाऊनची भिंत.

"हितनं दिसत न्हाय की गं," ते म्हणाले, आणि बाकीच्यांसारखेच मान वाकडी करून वाट बघत उभे राहिले.