लिफ्टसमोरची अलाबला

आईला हात आवरत नाहीत. मूल दिसलं की त्याच्या गालांवरून दोन्ही हात फिरवायचे आणि तीच बोटं स्वतःच्या कानशिलांवर दाबून कडाकडा मोडायची. बोटं वाजली की पोराची इडापिडा गेली, असं तिचं साधं गणित. गुहागरकडच्या आमच्या गावात तिने कुणाचं पोर सोडलेलं नाही.

व्हिजिट व्हिसावर ती माझ्याकडे शारजात आली होती. अल नहदातल्या आमच्या मजल्यावर कोलंबियाचं एक कुटुंब नुकतंच राहायला आलेलं. त्यांची कुरळ्या केसांची लहानगी लिफ्टसमोर उभी दिसली आणि आईने घेतली तिची अलाबला. नेमकी तेव्हाच पोरीची आई दारात आली. तिला काय दिसलं असेल? एका अनोळखी म्हातारीने लेकीचं तोंड धरलंय, आता मुठी डोक्याला लावून हाडं मोडतेय. ती किंचाळली. ते ऐकून पोरगी भोकाड पसरून रडायला लागली.

मी धावत बाहेर आले, तोवर वॉचमन वर पोचला होता. "मॅडम, ये पुलिस को फोन करने को बोल रही है. अम्माजी ने बच्ची को क्यूँ पकडा?"

पोलीस! आईला चौकीत नेलं तर? परत कधी येऊच दिलं नाही तर? मी इंग्रजीत काय काय बडबडले, देव जाणे. माझी लेक मदतीला म्हणून मध्येच बोलली, "शी वॉज ओन्ली टचिंग हर!" झालं! 'टचिंग' ऐकून इथल्या आईबापांच्या मनात काय येतं, ते तिला कुठून कळणार? बाईने फोन काढलाच. आई भिंतीला टेकून विचारत होती, "अगं, मी केलंय तरी काय?"

लेकीला मग शाळेतलं फ्रेंच आठवलं. "कारेसे! कारेसे!" ती ओरडली आणि स्वतःच्याच गालावरून हात फिरवून दाखवू लागली. बाईचा अंगठा फोनवर थांबला.

"आकारिसियार?" तिने विचारलं. कुरवाळणं. तिच्या स्पॅनिशमध्येही तेच क्रियापद होतं, जरा लांबलेलं. मी नुसती मान हलवत राहिले.

बाई भली निघाली. संध्याकाळी पोरीला घेऊन आली, दहादा सॉरी म्हणाली, पोरीला आईच्या पुढ्यात उभं केलं. आईने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"राहू दे गं, लांबूनच गोड आहे," ती मला म्हणाली.

मला इतका संताप आला! पण काढणार कुणावर? त्या बाईच्या जागी मी असते तर मीही किंचाळलेच असते.

त्या दोघी गेल्यावर लेक रोजच्यासारखी आजीच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. "आजी, माय टर्न."

आईचे हात तिच्या केसांपर्यंत येऊन थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं.

"हिला लावू ना गं हात?"