मी अर्ज मागे घेत नाही

"तू फेलोशिप घेऊन परदेशात शिकायला जाणार? अगं, तुझी आई गावात बाळंतिणींची घाण काढायची ना? तुमच्या रक्तात जे आहे तेच कर."

मेट्रनबाई हे मराठीत म्हणाल्या. मुद्दाम. मीटिंगला बसलेल्या केरळच्या, फिलिपिनो नर्सना शब्द कळले नाहीत. माझा चेहरा कळला. जात हा शब्द बाईंनी उच्चारलाच नाही. गरजच नव्हती.

आणि मी काय केलं? हसले. "सॉरी मॅडम" म्हणाले. बहारीनमधल्या मनामाच्या या हॉस्पिटलात अकरा वर्षं झाली, आयसीयूतल्या नव्या मुली मी तयार करते, आणि मी सॉरी म्हणाले. बाईंची किळस आली. माझ्या हसण्याची त्याहून जास्त.

आईबद्दल त्यांना मीच सांगितलं होतं, डबा खाताना. पुण्याच्या, आपल्या भाषेच्या, म्हणून.

आयसीयूच्या इनचार्ज परवीन इराणच्या. फेलोशिपवर बाहेर शिकून आलेल्या. चेंजिंग रूममध्ये त्यांनी खोदून विचारलं, मी इंग्रजीत सगळं ओकले.

त्या म्हणाल्या, "आमच्याकडे नर्स फाइल धरून डॉक्टरांच्या मागे चालायची. तिकडे पहिल्याच राउंडला डॉक्टरांनी विचारलं, सिस्टर, तुमचं मत काय? मला तोंड उघडता येईना. घरी परतले तेव्हा माझ्या वॉर्डात नियम केला. राउंडला आधी नर्स बोलेल." मग म्हणाल्या, "माझ्याबरोबरच्या दोघी मात्र परत येऊन नुसत्या मोठ्या खुर्चीत बसल्या. ज्युनिअर पोरींना चहा आणायला पाठवायच्या. तू कशी परतणार, ते आधी ठरव."

दुसऱ्या दिवशी मेट्रनबाईंनी कागद सरकवला. मी स्वेच्छेने फेलोशिपचा अर्ज मागे घेते, असं टाइप केलेलं.

"सही कर. खलास."

"नाही करणार."

"व्हिसा कुणाच्या हातात आहे, माहीत आहे ना?"

माहीत होतं. मुलीची शाळा डोळ्यांपुढे आली. तरी त्याच कागदावर लिहिलं : अर्ज मागे घेत नाही. माझ्या आईच्या कामावरून अपमान करून सही मागितली. खाली नाव, तारीख. तो कागद मी स्वतः एचआरला दिला, पोच घेतली. परवीननी शिफारस लिहिली.

यंदा फेलोशिपच्या यादीत माझं नाव आलं नाही. मला आयसीयूतून काढून ओपीडीत टाकलं. मेट्रनबाई जिन्यात भेटल्या की मान वळवतात. मी वळवत नाही.

पुढच्या वर्षी फॉर्म भरणार. त्याच्या पुढच्या वर्षीही. मला नाकारायचं तर त्यांनी नाकारावं, स्वतःच्या सहीने. ते काम मी त्यांना माझ्या हाताने करून देणार नाही.