इथलं इथेच

आमच्या चर्चमध्ये बातम्या कळायला हव्या असतील तर डोळे मिटावे लागतात. रविवारच्या उपासनेत पाळकसाहेब म्हणतात, आता दोन-तीन जण प्रार्थना करतील, आणि सगळ्यांच्या माना खाली जातात. मग कोणीतरी उठून सुरुवात करतं, "प्रभू, तुला ठाऊकच आहे..." एवढं ऐकलं की अख्ख्या मंडळीचे कान टवकारतात, कारण जे प्रभूला ठाऊक आहे ते आता आम्हालाही कळणार असतं. कोणाची सोयरीक मोडली, कोणाचा जावई रुसून बसला, कोणाच्या पित्ताशयात खडे निघाले, हे सगळं मला असंच कळत आलं आहे.

या कलेत माझा हात धरणारं कोणी नव्हतं. जन्मभर शाळेत शिकवल्यामुळे असेल, मला मोघम बोलता येत नाही. देव सर्वज्ञ आहे हे मान्य, पण आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना मी हॉस्पिटल, मजला आणि खाटेचा नंबर सांगतेच. चुकून शेजारचा बरा व्हायला नको.

अशा बाईच्या हाती पाळकसाहेबांनी आधारगट दिला, यात त्यांचीही थोडी चूक आहेच. ते कुठल्याशा शिबिराला जाऊन आले ते एक जाडजूड फाइल घेऊन. मंडळीत छोटे छोटे गट करायचे, सारखी अडचण असलेल्या माणसांनी एकत्र बसायचं, एकमेकांचं ऐकायचं. घरात आजारी माणूस सांभाळणाऱ्यांचा गट माझ्या गळ्यात पडला. मी सासूबाईंचं चार वर्षं अंथरुणात सगळं केलं होतं, आणि त्याबद्दल मंडळीत माझं भारी नाव होतं.

दर गुरुवारी चार वाजता आम्ही संडे स्कूलच्या खोलीत बसू लागलो. खुर्च्या लहान मुलांच्या, त्यामुळे सगळ्यांचे गुडघे हनुवटीला लागायचे. समोर भिंतीवर नोहाचं तारू, जिराफासकट. पहिल्या दोन गुरुवारी नुसता गोंधळ झाला. एकीने रडायला तोंड उघडलं की दुसरी तिला बायबलमधलं वचन सांगे, तिसरी ओव्याचा काढा. मग मी शाळेतला आवाज काढला. पहिला अर्धा तास वचन नाही, काढा नाही, आणि 'माझ्या जावेचंही अस्संच झालं होतं' हे तर मुळीच नाही. फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'इथलं इथेच'. स्वतःच्या अक्षराकडे मी जरा कौतुकाने पाहिलं, हेही सांगून टाकते.

गटात सहा बाया होत्या आणि एकच पुरुष. नाशिक रोडला प्रेसमध्ये नोटा छापण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. रोज सुटताना झडती देऊन बाहेर पडलेला माणूस, त्यांच्या तोंडून काही बाहेर पडणं अवघडच. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. ते यायचे, चिवड्याची पुडी सगळ्यांसमोर ठेवायचे आणि तासभर तारवातल्या जिराफाकडे बघत बसायचे. त्यांच्या बायकोची आठवण गेली होती. तिला शेजारणीकडे बसवून ते यायचे.

सातव्या की आठव्या गुरुवारी ते अचानक बोलले. म्हणाले, बायको रोज सकाळी डबा भरून त्यांना ड्युटीला पाठवते. डब्यात कधी पोळी असते, कधी साबण. ते डबा घेऊन खाली उतरतात, सोसायटीला दोन चकरा मारतात आणि वर येऊन सांगतात की आज सुट्टी आहे. आम्ही हसलो, तेही हसले. मग जिराफाकडे बघतच ते म्हणाले, "कधी कधी वाटतं, ती आता गेली तर बरं."

कोणी वचन सांगितलं नाही. त्यांच्या शेजारच्या बाईने नुसता त्यांच्या दंडावर हात ठेवला. घरी जाताना मला वाटलं, गट म्हणतात तो हाच. मी फार खूश होते, आणि मी खूश झाले की माझी जीभ सुटते.

रविवारी प्रार्थनेची वेळ आली तेव्हा माझं मन इतकं भरून आलं होतं की मीच उठले. म्हणाले, "प्रभू, तुला ठाऊकच आहे, आमच्यात असेही पती आहेत, ज्यांना आजारी बायको आता गेली तर बरं असं वाटतं. त्यांना धीर दे." नाव घेतलं नाही म्हणून मला स्वतःच्या संयमाचं कौतुक वाटलं. पण गटात पुरुष एकच आहे हे चर्चमधल्या लहान पोरालाही माहीत होतं. मी संपवलं तेव्हा निम्मे डोळे आधीच उघडलेले होते. आणि सगळ्यात आधी, खणखणीत आवाजात आमेन म्हटलं ते दादांच्या बायकोने.

दादांनी तिचा हात धरला आणि शेवटच्या आशीर्वादाच्या आधीच ते दोघे निघून गेले.

पुढचा आठवडाभर नुसता उच्छाद झाला. मंडळीतल्या बायका सांबाराचे डबे घेऊन त्यांच्या घरी जाऊ लागल्या. बहाणा भेटीचा, पण बाई जिवंत आहे ना हे बघायचं होतं. एकीने तर तिला गोळ्या वेळेवर देता ना, असं त्यांना तोंडावर विचारलं. गुरुवारी गटात सहाही बाया आल्या, आणि तासभर आम्ही मेथीच्या भावाबद्दल बोललो. मी फळ्यावर 'इथलं इथेच'च्या खाली 'प्रार्थनेतसुद्धा' असं लिहिलं. कोणी मान वर करून बघितलं नाही. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. आपल्या मनातलं सांगायला त्या माणसाला ती एकच खोली होती, आणि तिचं दार मीच त्यांच्या तोंडावर लावलं होतं.

दोन रविवार ते आले नाहीत. फोन उचलला नाही. शेवटी मी रिक्षा करून निघाले, द्वारका चौकात अर्धा तास अडकले आणि तेवढ्या वेळात माफीची तीन भाषणं पाठ केली.

दार त्यांच्या बायकोने उघडलं. तिला मी इस्त्रीवाली वाटले. निळा परकर तीन आठवडे झाले परत आला नाही, म्हणून तिने मला उभ्याउभ्या झापलं. मी हात जोडून चुकलं म्हणाले, पुन्हा होणार नाही म्हणाले. ती माफी सोपी गेली. दादा मागे उभे होते. त्यांनी आत या म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही.

पाठ केलेलं एकही भाषण मला आठवलं नाही. दादाच बोलले. "अडतीस वर्षं मी प्रेसमधून एक चिटोरं बाहेर नेलं नाही, बाई. तुम्हाला तीन दिवस जमलं नाही."

तेव्हा मी त्यांना ते सांगितलं जे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. सासूबाईंच्या चौथ्या वर्षी, मे महिन्यात, त्यांना पेज भरवताना त्यांनी वाटी उडवली. सगळी पेज माझ्या अंगावर. मी मोरीत गेले, पदर धुतला आणि देवाला म्हटलं, हिला आता ने, आणि जमलं तर शाळा उघडायच्या आत. देवाने ऐकलं नाही, त्या दिवाळीपर्यंत होत्या. मातीच्या वेळी सगळ्यांत जास्त मी रडले, आणि मंडळी म्हणाली, सून असावी तर अशी.

"आता हे तुमच्याकडे आहे," मी म्हणाले. "रविवारी हवं तर प्रार्थनेत घ्या. मोठ्याने."

त्यांनी मान हलवली, पण त्या मान हलवण्याचा अर्थ मला कळला नाही. माझ्या तोंडाने मी माझं सगळं नाव त्यांच्या हातात देऊन आले होते.

रविवारी दोघे आले, नेहमीच्या तिसऱ्या बाकावर बसले. प्रार्थनेची वेळ झाली. दादा उठले. ते चर्चमध्ये कधीच प्रार्थना करत नसत, त्यामुळे माना खाली जाताना सगळीकडे कुजबुज झाली. त्यांनी पावसासाठी प्रार्थना केली, पाळकसाहेबांच्या गुडघ्यासाठी केली.

"प्रभू, तुला ठाऊकच आहे," ते म्हणाले, आणि चर्चमध्ये पंख्याचा आवाज तेवढा उरला. "आमच्या बाईंच्या मनात काय काय आहे ते."

मी पुढचा बाक दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"त्यांना थोडक्यात प्रार्थना करायला शिकव."

आमेन इतक्या मनापासून त्या चर्चमध्ये मी कधी ऐकलं नव्हतं, आणि त्यात पाळकसाहेबांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. मला मात्र आमेन म्हणता आलं नाही, कारण मी रडत होते. शेवटी त्यांच्या बायकोने मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, परकर आणला का.