पाचपैकी चार

डॉक्टर वयानं माझ्या पुतण्याएवढे असतील. सात रस्त्याजवळच्या त्या रुग्णालयात त्यांनी मला आणि माझ्या थोरल्या भावाला, अण्णाला, टेबलासमोर बसवलं आणि पाठकोऱ्या कागदावर पाच गोष्टी सांगत पाच रेघा ओढल्या. वय. श्वासाची गती. रक्तदाब. रक्तातला युरिया. आणि रुग्ण भानावर आहे की नाही. प्रत्येक बिघडलेल्या गोष्टीला एक गुण. आमच्या आईचा रक्तदाब तेवढा बरा होता, म्हणून चार.

"परीक्षेसारखं नाही हे काका, इथं जास्त गुण वाईट," ते म्हणाले.

ते मला कळलं होतं. मी विचारलं, "चार गुणांचे किती जातात?"

त्यांनी थोडे आढेवेढे घेतले. मग म्हणाले, "फ्लूनं न्यूमोनिया झालेल्या अशा रुग्णांत शंभरातले चाळीसच्या आसपास. पण हा आकडा गटाचा असतो, एका माणसाचा नाही."

माझी नोकरी कृषी खात्यात सांख्यिकीची. पीक कापणी प्रयोगांचे आकडे तपासण्यात निम्मं आयुष्य गेलं. शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, तेवढ्यातलं पीक कापून, झोडपून, वजन करायचं आणि त्यावरून गावाचा उतारा, म्हणजे सरासरी उत्पन्न, काढायचा. सांगोल्याकडचे शेतकरी अंगावर यायचे, "आमचं वावर करपून गेलंय आन् तुमी गावात पीक बरं हाय म्हणता." मी शांतपणे सांगायचो, सरासरी गावाची असते, तुमच्या वावराची नाही. आता तेच वाक्य मला कुणीतरी ऐकवत होतं आणि मला त्याचा काडीचाही उपयोग होत नव्हता.

डॉक्टरांना आमच्याकडून एक उत्तर हवं होतं. ऑक्सिजनवर भागलं नाही तर घशात नळी घालून श्वासाच्या यंत्रावर ठेवायचं का? हो की नाही, हे आधीच ठरवून ठेवा म्हणाले.

जिन्यात आल्यावर अण्णा म्हणाला, "घरी नेऊ."

अण्णा अक्कलकोटकडं आमच्या गावी शेती बघतो. कमी बोलतो आणि बोलला की ठरवूनच बोलतो.

"लगेच?" मी विचारलं.

"मग कवा? शंभरात चाळीस म्हंजे काय ऱ्हायलं? हितं परक्यांच्यात तोंडात नळी घालून जायची ती. तिला चालंल व्हय?" थोडा थांबून तो म्हणाला, "मठाच्या स्वामींच्या कानावर घातलंय. वावरात जागा बी बघून ठेवलीय."

आम्ही लिंगायत. आमच्यात पुरतात, बसवून. जागा बघून ठेवणं म्हणजे काय, हे मला विचारावं लागलं नाही. मी रागावलो नाही. उलट, माझ्याआधी त्यानं एवढा पुढचा विचार केला याचं मला ओशाळवाणं वाटलं. तो गाडी आणायला गावी गेला. उद्या सकाळी न्यायचं असं ठरल्यासारखंच झालं होतं.

अव्वाला, म्हणजे आमच्या आईला, बरं नव्हतं ते आदल्या आठवड्यापासून. खोकला आणि ताप होता, आणि मग एका संध्याकाळी ओठ निळसर दिसायला लागले. तिला आधी आमच्या गल्लीजवळच्या लहान दवाखान्यात नेलं. तिथं छातीचा एक्स-रे काढला, एक रात्र ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं की मोठ्या ठिकाणी न्या. मोठ्या रुग्णालयात ती वेगळ्या खोलीत होती. संसर्गाची भीती म्हणून आम्हाला दिवसातून एकदाच, तेही अंगात झगा आणि तोंडाला मास्क लावून आत सोडायचे. मी गेलो तेव्हा तिनं माझ्याकडं पाहिलं, हात गळ्याशी नेला आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. नर्स म्हणाली, घसा दुखत असेल. मीही तसंच समजलो.

संध्याकाळी बायको थर्मासमध्ये भाताची पेज घेऊन आली. खालच्या बाकावर बसून मी तिला पाची गोष्टी समजावून सांगितल्या. माझी ही सवय तिला माहीत आहे, ती ऐकून घेते.

"वयाला काय करणार? आन् धाप तर दिसतीयाच," ती म्हणाली. "पण युरिया कशानं वाढला?"

"पुष्कळ कारणं असतात. अंगात पाणी कमी पडलं तरी वाढतो."

"पाणी देत न्हाईत व्हय?"

"देतात. ती पीत नाही. चमचा लावला की तोंड मिटते. हृदयाचं जुनं दुखणं आहे म्हणून सलाईनही जपूनच लावलंय."

तिनं थर्मासचं झाकण घट्ट केलं. "अव्वांचं लिंग कुटं हाय?"

"कपाटात," मी म्हणालो. "कुलूप लावलंय."

"तुमी ते कपाटात ठिवलंसा?"

एक्स-रेच्या वेळी अंगावरचं सगळं काढायला सांगितलं होतं. बांगड्या, कुड्या, आणि गळ्यातल्या दोऱ्यातली चांदीची डबी, जिच्यात तिचं इष्टलिंग असतं. तिथल्या बाईनं सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिलं. दवाखान्यातून वस्तू जातात, हे ऐकून होतो. मी प्रत्येक वस्तू मोजून घेतली, घरी नेली आणि दागिन्यांच्या खणात ठेवली. एकही वस्तू इकडची तिकडं झाली नाही. अव्वानं लग्नाच्या आधीपासून लिंगपूजा केल्याशिवाय पाण्याचा घोट घेतलेला नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं. मी स्वतः शिवरात्रीपुरताच लिंग बांधतो. आजारपणात या गोष्टींना सूट असते, असा विचारही मी केला नव्हता. माझ्या लेखी ती चांदीची डबी होती.

मी स्कूटरवरून घरी गेलो. कपाटाची किल्ली घेतली आणि थांबलो. पारोशा हातानं लिंगाला शिवलो तर तिनं ते घेतलं नसतं. आंघोळ केली, मग खण उघडला.

रुग्णालयातली नर्स आधी नाही म्हणाली. वेळ संपली होती, आणि धातू चालतो की नाही हे तिला विचारावं लागणार होतं. तिनं फोन केला, डबी जंतुनाशकानं पुसून घेतली आणि मला झगा दिला.

अव्वा जागी होती. मी दोरा तिच्या डोक्यावरून घालायला गेलो तर तिनं माझं मनगट धरलं. ऑक्सिजनच्या मास्कच्या आतून विचारलं, "आंगुळ?"

"केली."

तिनं मनगट सोडलं. डबी उघडून लिंग डाव्या तळहातावर घेतलं. किती वेळ तशी होती, मी पाहिलं नाही, मी मॉनिटरकडं पाहत उभा होतो. मग तिनं पाणी मागितलं. नर्सनं मास्क बाजूला केला आणि ती पेला धरून, मध्ये मध्ये थांबत, सगळं पाणी प्याली.

"त्या डॉक्टर पोरानं वार विचारला तेव्हा काय बोलली नाहीस," मी म्हणालो. "तो समजला तुला भान नाही."

"गळ्यात काय न्हाय आन् त्येला वार सांगत बसू?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी माझ्यासमोरच पुन्हा विचारलं, "आजी, आज वार कोणता?"

"बुधवार. तुमाला म्हायत न्हाय व्हय?"

डॉक्टर हसले. सकाळच्या तपासणीत युरियाही थोडा उतरला होता. बाहेर आल्यावर मी त्यांना गाठलं. भानाचा एक गुण गेला, आता तीन धरायचे ना? तीनचा धोका चारच्या निम्म्याहून कमी, हे मी तोवर शोधून काढलं होतं.

"असे गुण परत मागता येत नाहीत काका," ते म्हणाले. "तो हिशेब भरतीच्या वेळचा असतो. रोज नवा काढायचा नसतो."

"पण तेव्हा ती गप्प होती ते कारण वेगळं होतं. पाणी पीत नव्हती त्याचंही."

"कारण वेगळं होतं. पण रक्तात युरिया होता तेवढाच होता, तो मी चुकीचा लिहिला नाही." मग जरा हळू म्हणाले, "पाणी प्याल्या ते फार बरं झालं. पण ऑक्सिजन कालच्यापेक्षा जास्त लागतोय. तुम्ही फक्त कमी झालेलं मोजताय."

ते खरं होतं. मी हवी तीच वावरं निवडत होतो. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याचा अहवाल परत पाठवला असता.

अण्णा गाडी घेऊन आला. जीपच्या मागच्या भागात गादी अंथरली होती. मी त्याला सगळं सांगितलं, लिंगाचंही.

"तुला कळलं न्हाय?" एवढंच त्यानं विचारलं.

"नाही."

"बरं. आता किती म्हणतोस?"

"डॉक्टर आकडा द्यायला तयार नाहीत."

"मग तू दे की. तुझं तेच काम हाय."

मला देता आला नाही. आम्ही दोघं झगे घालून आत गेलो. अव्वानं अण्णाला या वेळी इथं पाहिलं आणि तिला कळलं.

"न्यायला आलास?"

अण्णानं मान खाली घातली.

तिनं मला विचारलं, "डॉक्टर किती म्हणालेत? तू इचारलं असशील."

खोटं बोलायचं मनात आलं, पण तिच्यासमोर जमलं नाही. "पहिल्या दिवशी शंभरातले चाळीस जातात म्हणाले. आता त्याहून कमी असावेत. किती ते ठाऊक नाही."

ती डोळे मिटून दम घेत राहिली. "आन् घरी नेलं तर? शंभरातले किती?"

मी अण्णाकडं पाहिलं. घरी नेल्यावरचा आकडा आमच्यापैकी कुणी विचारलाच नव्हता. डॉक्टरांना विचारला असता तर त्यांनी सांगितला असता की नाही, देव जाणे, पण मी विचारला नव्हता.

"जास्त," मी म्हणालो.

"मग हितंच ऱ्हाते." मग नळीचं निघालं, मीच काढलं. तिनं मास्क सारखा केला. "ते मला इचारू नका. मला तवा सुद नसंल. अण्णाला बी नको. तूच सांग त्येंना, तुला सुचंल ते."

अण्णा रिकामी गाडी घेऊन परत गेला. पुढचे काही दिवस मी फोन वाजला की आधी उभा राहायचो आणि मग घ्यायचो.

नळीची वेळ आली नाही. अव्वा घरी आली ती ऑक्सिजनचं यंत्र घेऊनच. आता दारापर्यंत चालली की उंबऱ्याशी बसते आणि बोलायला तिला वेळ लागतो. हे बरं होणं आहे की नाही, याबद्दल डॉक्टर नक्की काही बोलत नाहीत.

परवा अण्णा आला होता. ती आत झोपली होती. चहा घेता घेता त्यानं विचारलं, "नळीची वेळ आली असती तर काय सांगणार हुतास?"

"ठरवलं नव्हतं," मी म्हणालो.

पहिल्याच रात्री ठरवलं होतं. काय, ते त्याला सांगता आलं नाही.