वडिलांची आट्यांची लेन्स

येरमाळ्यात वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. आसपासच्या गावांतल्या कितीतरी लग्नांचे फोटो त्यांनी काढले, पण आईचा धड एक फोटो घरात नाही. "तुझे वडील माझ्यावर रीळ घालवायचे न्हायत," असं ती हसत सांगते, पण तिला ते लागलेलं आहे. वडील गेले, त्यांचा कॅमेरा बंद पडला, लेन्स तेवढी चांगली राहिली. त्याच लेन्सनं आईचा फोटो काढायचा, येडेश्वरीच्या डोंगरासमोर, मागं देऊळ येईल असा, हे मी आणि आईनं ठरवलं.

ठरवायला काय जातं! लेन्स आट्यांची, बाटलीच्या झाकणासारखी फिरवून बसवायची. माझा जुना रीळवाला कॅमेरा खटक्याचा, त्यात लेन्स जराशी वळवून खट्कन अडकवायची. दोन्ही जुळवायला मध्ये घालायची रिंग मागवली, तर ती लेन्सवर चढेचना. तिरपी बसायची आणि अडकायची. नीट बघितलं तर आट्यांत लाल गाळ. खंडेनवमीला आई दरवर्षी लेन्सची पूजा करते हे ठाऊक होतं, पण कुंकू मागच्या आट्यांना लावते हे कुणाच्या डोक्यात येईल?

"अगं, लेन्सला कुणी कुंकू लावतं का?"

"काचंला कुठं लावलं? कडंला लावलं. अन् लावू न्हाय तर काय? तिच्यावरच पोट होतं आपलं."

कपाळ माझं! अख्खा रविवार मी दात घासायच्या ब्रशनं तिची भक्ती खरवडत बसलो. वर तिचा सल्ला, "दोन थेंब खोबरेल सोड की." मी असा ओरडलो की शेजारीण डोकावून गेली.

अखेर रिंग बसली. आई ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून डोंगरासमोर उभी राहिली. मी कॅमेरा डोळ्याला लावला तेव्हा घोळ कळला. रिंग निघाली जाड. तिच्यामुळं लेन्स फिल्मपासून जरा लांब राहते, म्हणून जवळचं स्पष्ट दिसतं आणि लांबचं काही केल्या दिसत नाही. कितीही फिरवा, देऊळ आपलं पिठाचा गोळा. आई स्पष्ट दिसायला मला पार तिच्या तोंडाशी जावं लागलं.

"एवढ्या जवळ नको रं. मागं देवी येऊ दे."

"येत नाही देवी! तू हलू नको!" मी खेकसलो आणि तसंच बटण दाबलं.

रीळ धुऊन फोटो आला. आईची सुरकुती न् सुरकुती ठळक, मागं नुसता पांढरट डाग. मला रडूच यायचं बाकी होतं. एवढी खटपट करून तिला हेच द्यायचं होतं का?

"देऊळ आलं नाही गं," मी म्हणालो.

तिनं फोटो खिडकीशी नेला, पदरानं पुसला, पुन्हा बघितला.

"देऊळ कुठं पळून चाललंय? मनात आलं की जाऊन बघंन," ती म्हणाली. "ह्यांच्या लेन्सीत मी आले की एकदाची."