फिशटँकमधली हातभट्टी

आमच्या भिक्षुकाच्या घराण्यात आजवर कुणी दारूला शिवलं नाही. मीही शिवलो नाही. मी ती फक्त तयार केली, आणि तीसुद्धा झाडांसाठी!

अकोल्याच्या जठारपेठेत आमचं घर. दिवाणखान्यात मी फिशटँक ठेवला होता. मासे नावाला, खरा जीव आतल्या झाडांवर. ती पिवळी पडू लागली. मी शाळेत विज्ञान शिकवतो, तेव्हा निदान लगेच केलं: झाडांना कार्बन डायऑक्साइड कमी पडतोय. "सिलिंडर आणतो," म्हटल्यावर आई कडाडली, "घरात एक सिलिंडर आहे तो पुरे! दुसरा आनला तं मी अमरावतीले माहेरी जाईन!"

मग कुणीसा सांगितलेला घरगुती उपाय. बाटलीत साखरपाणी, चिमूटभर यीस्ट आणि झाकणातून एक नळी थेट टँकमध्ये. साखर आंबते, वायू सुटतो, झाडं खूश! पण साखर कशाला? वडिलांना, म्हणजे अप्पांना, शिध्यात आलेला गूळ डबे भरून पडला होता. आणि चिमटीचं म्हणाल, तर आम्ही वऱ्हाडी. आमच्याकडे चिमूटभर मागणाऱ्याला मूठभर मिळतं. त्यात अकोल्याचा मे महिना. (कृती सांगणारा गृहस्थ थंड हवेच्या गावचा असावा.)

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको नाकाला पदर लावून आली.

"अहो, हा वास कायचा येऊन राहिला?"

"विज्ञानाचा!"

"मंग विज्ञानाले भट्टीचा वास काहून येते?"

नेमके तेव्हाच परतवाड्याचे दादाराव आले. अप्पांचे सगळ्यात जुने यजमान. मुलीच्या लग्नाचा मुहूर्त काढायचा होता. मागे त्यांच्या पुतण्याचं लग्न स्पीकरवर मंत्र वाजवणाऱ्या एका तरुण गुरुजींनी पळवलं होतं आणि अप्पांनी ते फार मनाला लावून घेतलं होतं. हे घरही गेलं तर म्हातारा खचला असता. "आज तू मधात बोलू नको," अप्पांनी मला बजावलं.

मी गप्पच होतो. पण गुळाच्या फेसानं नळी तुंबली होती आणि दादारावांच्या पाठीमागे बाटली टम्म फुगत चालली होती. फुटली असती तर टँक आणि यजमान दोन्ही एकदमच गेले असते! मी भिंतीला चिकटत गेलो, टँकमधून नळी उपसली, बाटली टॉवेलाखाली घेतली आणि स्वयंपाकघराकडे सरकू लागलो.

"काय लपवून नेऊन राहिला बापा?" दादारावांनी विचारलं.

मी दचकलो. हात झाकणावर होता, तो फिरला. भस्सकन फेस उडाला तो थेट पंख्यावर, आणि पंख्यानं तो प्रसादासारखा सगळ्यांना सारखा वाटला. अप्पांचं सोवळं, दादारावांची टोपी, उघडं पंचांग... कुणी सुटलं नाही! टँकमधले मासेही तोंडं उघडी टाकून वर आले.

दादारावांनी बाही हुंगली. "मोहाची नाही. गुळाची आहे."

"काका, हे झाडांसाठी आहे हो!"

"हो बापा. आमच्या गावात तं सारे औषधासाठीच घेतात."

"अहो, पाण्यातली झाडं..."

"आता तुले झाडंबी पान्यात दिसून राहिले?" दादारावांनी भिजलेली टोपी काढून हातात घेतली. ते अप्पांकडे वळले. "गुरुजी, घरात हे असं दुखनं, अन् तुमी सोवळं सांभाळून राहिले! लगन तुमीच लावा. दुसऱ्या कोनाले बोलावत नाई."

मी आशेनं अप्पांकडे पाहिलं. त्यांच्या एका वाक्यात मी सुटलो असतो. अप्पांनी उपरण्यानं पंचांग पुसलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "काय करता दादाराव, भोग असतात एकेकाचे!"

लग्न थाटात लागलं. अप्पांचा आवाज कधी नव्हे इतका खणखणीत लागला होता. मलाही फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? पंगतीत नवरीचे मामा मुद्दाम माझ्या शेजारी येऊन बसले आणि कानाशी लागले, "मास्तर, एका बाटलीले गूळ किती टाकता?"

मी सांगितलं. इतकी वर्षं शिकवतोय, पण एवढं लक्ष देऊन ऐकणारा विद्यार्थी मला पहिल्यांदाच भेटला.