प्राजूताईची गो-कार्ट आणि मुरमाचा चढ

खरं तर हे बाहेर सांगायचं नाही, असं प्राजूताईनं मला बजावलं आहे. पण शेडमधल्या डब्यात सुटे नटबोल्ट साठतात तसे हे किस्से साठत गेले. मी फारशी बोलत नाही, म्हणून सगळे माझ्यासमोर बिनधास्त बोलतात. त्यामुळे माझा डबा जरा लवकरच भरला.

प्राजूताई माझी चुलत बहीण, डिप्लोमाला आहे. नेवाशाजवळ पप्पांचं उसाच्या ट्रॉल्या दुरुस्त करायचं शेड आहे. तिथे ती आणि तिच्या वर्गातला ओंकार खडकाळ जागी चालणारी गो-कार्ट बनवत होते. त्यांच्या सरांची अट एकच. मुरमाच्या खाणीतला चढ चढून दाखवा, तरच कॉलेजांच्या गो-कार्ट स्पर्धेला नेतो. आणि ताईला ती गाडी स्वतः चालवायची होती.

*

इंजिन मंडपवाल्याच्या जुन्या जनरेटरचं. त्याला गिअर नाहीत. पुढे लहान स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चाक, मागच्या अॅक्सलवर मोठं, मध्ये चेन, एवढाच कारभार. मागचं जेवढं मोठं, तेवढी ओढ जास्त आणि वेग कमी.

ओंकारला वेग हवा होता. त्याने मागे लहानसं स्प्रॉकेट बसवलं. डांबरी रस्त्यावर गाडी मस्त पळाली. मग कालव्याच्या भरावावर घातली, तर ती निम्म्यात थांबली आणि क्लचमधून धूर यायला लागला.

ओंकार तिथूनच ओरडला, "काका, आवाज बघा ना कसला भारी येतोय!"

भरावावर उभे असलेले पप्पा म्हणाले, "आवाज आला रं वर. गाडी कुठं हाय?"

*

ताई चिडली आणि दुसऱ्या टोकाला गेली. बाजारात मिळालं ते सगळ्यात मोठं स्प्रॉकेट घेऊन आली. जेवायच्या ताटाएवढं! गाडी भराव चढली, पण सपाटीला आल्यावर ओंकारने रेस पूर्ण दाबली तरी ती रांगतच होती.

तेवढ्यात मेंढरं घेऊन एक बाबा आले. ते गाडीशेजारून चालत ओंकारशी गप्पा मारायला लागले. गाव कोणतं, कोणाचा तू, हे काय बनवलंय. बराच वेळ सोबत चालून झाल्यावर ते म्हणाले, "बरं पोरा, तू ये सावकाश. मला जरा घाई हाय."

शिवाय ते ताट खालून दगडांना घासत होतं. दुसऱ्या दिवशी ते निघालं आणि मधल्या मापाचं बसलं.

*

मधल्या स्प्रॉकेटला चेन ढिली पडायला लागली. इंजिन सरकवून ती ताणायला जागा नव्हती, म्हणून दोघांनी इंजिन उचलून उलटं फिरवून बसवलं. काम सुबक झालं होतं. ताईनं मला फोटोसुद्धा काढायला लावला.

इंजिन उलटं बसवलं की चाकंही उलटी फिरतात, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. ताई ऐटीत बसली, रेस दिली आणि गाडी सरळ मागे जाऊन कडब्याच्या गंजीत घुसली! बाहेर फक्त हेल्मेट दिसत होतं.

पप्पांनी आधी इंजिन बंद केलं, मग विचारलं, "लागलं का गं?"

"नाही काका."

"मग ठीक हाय. रिव्हर्स पाहिजे हुता ना तुमाला?"

*

सर एकदा तयारी बघायला आले. पांढराशुभ्र शर्ट घालून. चेन सुकी दिसू नये म्हणून ओंकारने आदल्या दिवशी तिला ऑईलने आंघोळच घातली होती. सर मागे वाकून बघत असतानाच त्याने गाडी चालू केली.

सरांच्या शर्टावर खालून वर एक काळी रेघ उमटली. सर शांतपणे म्हणाले, "ऑईलिंग झालंय म्हणायचं."

*

शेवटी खाणीतली ट्रायल. ताई बसली. निम्म्या चढापर्यंत गाडी झकास गेली. इंजिन दमलं नव्हतं, क्लचही ठीक होता, पण सुट्या मुरमात मागची चाकं जागेवरच फिरायला लागली. ताई वजनाला अगदी चिमणी. चाकांवर भारच पडेना! दुसऱ्यांदाही तेच.

ओंकार चांगला दणकट आहे. तो म्हणाला, "मी बसून बघू का?" तो बसला आणि गाडी हळूहळू, न थांबता वर गेली.

सर म्हणाले, "झालं तर मग. ड्रायव्हर हाच."

ताईचा चेहरा मला बघवेना. ती खाली आली, युरियाची एक रिकामी गोणी उचलली आणि तिच्यात मुरूम भरायला लागली.

सरांनी विचारलं, "काय करतेस?"

"ओंकार भरतेय, सर."

गोणी तिनं मागच्या अॅक्सलच्या वर दोरीनं करकचून आवळली. मग हेल्मेट घातलं. या वेळी चाकांनी मुरमात पकड धरली, आणि गाडी ताईला घेऊन थेट माथ्यावर! पप्पांनी टाळी वाजवली. त्यांना टाळी वाजवताना मी पहिल्यांदाच बघितलं.

"चला, जाताय तुम्ही," सर म्हणाले. "ड्रायव्हर प्राजक्ता. सोबत दुसरं नाव कुणाचं लिहू?"

ओंकार गोणीकडे बघत म्हणाला, "हिचंच लिवा सर. माझ्यापरीस ही बरी, बोलत तरी न्हाई."

सरांनी खिशातून पेन काढलं, एकदा ओंकारकडे बघितलं, एकदा गोणीकडे, आणि कागदावर खरोखरच…

थांबा, आई हाक मारतेय. आले गं आई, आले!